कालवा डोक्यावर, गाव पायाखाली: सायकलवरून समजून घ्यायच्या डच पवनचक्क्या

नेदरलँड्सच्या उत्तर हॉलंड प्रांतात बेमस्टर नावाचा सखल प्रदेश आहे. त्याच्याभोवती कडं घातल्यासारखा एक कालवा फिरतो आणि कालव्याला लागून बांध. या बांधावरून सायकल चालवताना पहिल्यांदा जरा गोंधळायला होतं. एका हाताला कालव्यातली होडी जवळजवळ तुमच्या पायडलच्या पातळीवरून जात असते. दुसऱ्या हाताला शेतघरांच्या वळचणी तुमच्या चाकांच्या उंचीला आलेल्या असतात. पाणी वर आणि गाव खाली!

मोटारीतून हा फरक लक्षात येत नाही, कारण हायवे भराव घालून सगळीकडे सारखा केलेला असतो. सायकलवर मात्र बांधावर चढतानाचे तीन-चार मीटर मांड्यांना बरोबर कळतात. या सपाट देशात चढ लागला, तर तो बहुतेक वेळा बांध असतो नाहीतर पूल. म्हणजे तुम्ही एका पाण्याच्या पातळीवरून दुसरीवर जात आहात. हे एकदा डोक्यात बसलं की पवनचक्की तिथेच का उभी आहे, हे वेगळं सांगावं लागत नाही.

जमीन खाली गेली कशी

हजारेक वर्षांपूर्वी पश्चिम नेदरलँड्सचा मोठा भाग पीटचा होता. पीट म्हणजे दलदलीत शतकानुशतकं साचलेल्या, अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर. ओला स्पंज समजा. तेव्हा ही जमीन समुद्रसपाटीच्या वर होती. शेतकऱ्यांनी समांतर चर खणले, पाणी उतरलं, वरचा थर कोरडा झाला आणि धान्य पिकू लागलं. पण स्पंज वाळला की बसतो. शिवाय पीट पाण्यात बुडालेलं असेपर्यंतच टिकतं. हवा लागली की ते कुजू लागतं आणि त्यातला कार्बन वायू होऊन निघून जातो. जमीन खाली गेली की चरातलं पाणी पुन्हा मुळांशी येतं. मग चर आणखी खोल करायचे, आणि जमीन आणखी बसणार.

गोव्यातलं खाजन किंवा कोकणातली खारजमीन ज्यांनी जवळून पाहिली आहे, त्यांना पुढचं पटकन कळेल. खाजनाच्या बांधात मानस, म्हणजे पाणी सोडायची झडप, बसवलेली असते. ओहोटीला आतलं पाणी आपसूक बाहेर जातं, भरतीला बाहेरच्या पाण्याच्या दाबानेच ती बंद होते. डचांचे जुने दरवाजेही याच तत्त्वावर चालत. शेत ओहोटीच्या रेषेपेक्षा वर आहे तोवर यंत्राची गरजच नाही. पीट बसत बसत शेत त्या रेषेच्या खाली गेलं, तेव्हा पाणी उचलून टाकण्यावाचून इलाज उरला नाही. १५व्या शतकाच्या सुरुवातीपासून पवनचक्क्या पाणी उपसताना दिसतात त्या यामुळे. आज देशाची सुमारे २६ टक्के जमीन समुद्रसपाटीखाली आहे, आणि यातला बराचसा खड्डा माणसानेच केलेला आहे.

दुसऱ्या प्रकारचा खड्डा तळ्यांचा. जळणासाठी पीट कापून नेलं की मागे पाणी साचायचं. वाऱ्याच्या लाटा काठ खात जायच्या आणि तळं वाढत राहायचं. अशी तळी कोरडी करून जी शेती काढली ती सगळ्यात खोल. बेमस्टर त्यातलंच.

रहाट, पण बैलाऐवजी वारा

आपण ‘पवनचक्की’ म्हणतो त्यामुळे डोळ्यांसमोर पीठ येतं. सखल शेतांमधल्या बहुतेक चक्क्या मात्र काहीच दळत नाहीत. त्या पाणी वर चढवणारे रहाट आहेत, बैलाच्या जागी वारा जुंपलेला.

चार पाती, टोकापासून टोकापर्यंत २५ ते २९ मीटर. पातं म्हणजे लाकडी जाळी, तिच्यावर शिडाचं कापड ताणायचं. पाती ज्या आडव्या दांड्यावर बसवली आहेत त्यावर माणसापेक्षा कितीतरी मोठं दातेरी चाक असतं. त्याचे दात चक्कीच्या मधोमध उभ्या असलेल्या खांबाच्या चाकात अडकतात. आडवी फिरकी अशी उभ्या खांबात उतरते, तळाशी पुन्हा एका जोडीतून आडवी होते आणि पाणचाकाला मिळते. या पाणचाकाला वाट्या नसतात, सरळ फळ्या असतात. चाक विटांच्या अरुंद नाळेत इतकं चपखल बसवलेलं असतं की फळ्या पाणी पुढे लोटता लोटता वर चढवतात. नाळेच्या वरच्या तोंडाशी एक दार असतं. पाणी ढकललं जात असताना ते उघडं राहतं, चाक थांबलं की वरच्या पाण्याच्या वजनाने मिटतं. ते नीट मिटलं नाही तर दिवसभर उपसलेलं पाणी रात्रीत परत शेतात.

असं चाक पाणी साधारण दीड मीटर उचलतं, त्याहून जास्त नाही. बेमस्टर सुमारे साडेतीन मीटर खोल. म्हणून एकाच्या पाठी एक अशा चक्क्या पायरीसारख्या लावाव्या लागल्या. खालची चक्की मधल्या कालव्यात टाकणार, मधली वरच्यात, वरची बांधाबाहेरच्या कालव्यात. पुढे आर्किमिडीजचा स्क्रू, म्हणजे तिरप्या नाळेत फिरत पाणी वर चढवणारा मळसूत्री दांडा, आला. तो एका दमात याच्या दुपटीहून जास्त उंची गाठतो, त्यामुळे पायऱ्या कमी झाल्या.

आत शिरलात तर वास घ्या. लाकडी दातांना मधमाश्यांचं मेण लावतात आणि मुख्य दांडा जिथे दगडावर टेकतो तिथे डुकराची चरबी. ब्रेकसुद्धा लाकडीच: वरच्या मोठ्या चाकाला कवटाळणारा ठोकळ्यांचा पट्टा. वादळात चक्की सुसाट सुटली आणि ब्रेक नुसता घासत राहिला, तर त्या उष्णतेने लाकूड पेटतं. म्हणून जाणता चक्कीवाला वारा वाढण्याच्या आधीच कापड गुंडाळतो. ब्रेकवर विसंबून थांबत नाही.

वाऱ्याच्या ताकदीचं गणित इथे महत्त्वाचं. वेग दुप्पट झाला की मिळणारी शक्ती दुप्पट होत नाही, आठपट होते. मंद वाऱ्यात चक्की फिरताना दिसते खरी, पण पाणी जेमतेम हलतं. आणि गरज केवढी? बेमस्टर ७,२०० हेक्टर. तिथे १० मिलिमीटर पाऊस पडला तर ७२ कोटी लिटर पाणी झालं. थोडं मुरेल, थोडं उडून जाईल, बाकीचं सगळं वर चढवूनच बाहेर काढायचं.

चक्कीकडे बघून वारा ओळखा

फिरणारी चक्की नेहमी वाऱ्याकडे तोंड करून असते. त्यासाठी पात्यांसकट टोपी वळवावी लागते. मागे जमिनीपर्यंत आलेली लाकडांची शेपटी असते, तिच्यावरच्या चाकाने साखळी गुंडाळत टोपी ओढायची. सायकलवाल्याच्या कामाची गोष्ट अशी: ज्या चक्कीकडे तुम्ही निघाला आहात तिची पाती समोरून दिसत असतील, तर वारा तुमच्या पाठीशी आहे. शेपटी दिसत असेल तर वारा तोंडावर. मात्र हे फिरत्या चक्कीलाच लागू. थांबलेली चक्की कालच्या वाऱ्याकडे तोंड करून असू शकते.

वाऱ्याचा जोरही लांबून कळतो. चारही पात्यांवर कापड पूर्ण पसरलेलं असेल तर वारा मंद. नुसती उघडी जाळी गरगर फिरत असेल तर जोरदार, आणि तुमच्या परतीच्या वाटेचा तेव्हाच विचार करा.

थांबलेल्या पात्यांचीही एक भाषा आहे. समोरून पाहिलं तर डच चक्की घड्याळाच्या उलट दिशेने फिरते. वरचं पातं माथ्यावर पोचायच्या जरा आधी, म्हणजे किंचित उजवीकडे थांबवलं असेल तर आनंदाची खूण: लग्न, बारसं. माथा ओलांडून किंचित डावीकडे असेल तर शोक. पाती गुणाकाराच्या चिन्हासारखी तिरपी म्हणजे लांब विश्रांती, अधिकच्या चिन्हासारखी सरळ म्हणजे थोडा वेळ थांबलेली. काही भागांत रीत वेगळी आहे, पण साधारण असं. जुलै २०१४ मध्ये आम्सटरडॅमहून निघालेलं एमएच१७ हे प्रवासी विमान पाडलं गेल्यावर देशभरच्या चक्क्या शोकाच्या स्थितीत उभ्या होत्या.

एक इशारा. पाणी उपसणाऱ्या बऱ्याच चक्क्यांची पाती जवळजवळ गवताला टेकत फिरतात. टोकांचा वेग भरधाव मोटारीएवढा असतो आणि आवाज फारसा नसतो. कुंपण ओलांडून फोटो काढायचा मोह टाळा, आणि लहान मुलं बरोबर असतील तर आधी पाती कुठून फिरतात ते दाखवा.

एक दिवस: झान्स स्खान्स ते आल्कमार

सगळं एका फेरीत बघायचं तर हा रस्ता आमच्या मते सर्वांत चांगला. अंतर साधारण ३५ ते ४० किलोमीटर. रमतगमत सहा तास धरा. दिशा दक्षिणेकडून उत्तरेकडे ठेवलेली बरी, कारण इथे नैर्ऋत्येचा वारा जास्त वाहतो. सुरुवात आणि शेवट दोन्हीकडे रेल्वे आहे, त्यामुळे वारा उलटा असेल त्या दिवशी हाच रस्ता आल्कमारहून उलटा करता येतो.

झान्स स्खान्स ही जुन्या चक्क्यांची वस्ती, तिथे गर्दी फार. सकाळी नऊच्या आत पोचा. इथल्या चक्क्या पाण्याच्या नाहीत, कारखान्यांच्या आहेत: ‘द कॅट’ रंगाचे दगड भरडते, ‘द झूकर’ तेल काढते, ‘हेट योंग स्खाप’ लाकूड कापते. लाकूड कापणारी बघाच. गोल फिरणं वरखाली होण्यात बदलणारा वाकडा दांडा इथे डोळ्यांसमोर चालतो. औटखेस्टच्या कोर्नेलिस कोर्नेलिसझोनला १५९० च्या दशकात याचं पेटंट मिळालं. हाताने करवत ओढण्यापेक्षा फळ्या कितीतरी वेगाने निघू लागल्या, आणि झान नदीकाठ जहाजबांधणीचं केंद्र झाला.

तिथून वॉर्मर आणि यिस्पकडे निघा. हा पीटचा जुना, कधीच तळं न झालेला भाग. चिंचोळ्या पट्ट्या, दोन पट्ट्यांमध्ये पाणी, काही शेतांवर नावेशिवाय जाता येत नाही. चरातलं पाणी गवताच्या पात्यांना टेकलेलं. हे नीट बघून ठेवा, कारण तासाभरात याच्या अगदी उलट चित्र दिसणार आहे. या पट्ट्यात कालवे ओलांडायला कुठे पूल आहेत, कुठे कोकणातल्यासारखी छोटी तर, म्हणजे पलीकडे नेणारी होडी. तरीच्या वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, आदल्या दिवशी तपासा. नाहीतर पलीकडचं गाव समोर दिसत असताना सहा-सात किलोमीटरचा वळसा पडतो.

द राइप हे गाव लेखवाटरचं. यान आड्रियानझोन लेखवाटर, जन्म १५७५, सुतार आणि चक्क्या बांधणारा. गावातल्या १६३० च्या नगरभवनाचा आराखडाही त्याचाच. गावाच्या पूर्वेला बांधावर चढलात की समोर, आणि खाली, बेमस्टर.

१६०७ मध्ये काम सुरू झालं. आधी तळ्याभोवती बांध आणि कालवा, मग ४३ चक्क्यांनी उपसा. १६१० मध्ये तळं जवळपास कोरडं झालं होतं, पण वादळात समुद्राकडचा बांध फुटला आणि सगळं पुन्हा भरलं. पुन्हा उपसा, आणि १६१२ मध्ये जमीन हाती आली. पैसा आम्सटरडॅमच्या व्यापाऱ्यांचा. वेंगुर्ल्याला जिच्या वखारीचे अवशेष आजही उभे आहेत त्या डच ईस्ट इंडिया कंपनीच्या संस्थापकांपैकी डिर्क फान ओस हा यातला पुढाकार घेणारा गुंतवणूकदार. मसाल्याचा नफा इथे जमिनीत घातला गेला.

यिस्पची वेडीवाकडी पट्टी आणि बेमस्टरची जमीन, यांतला फरक इथे दिसतो. रस्ते आणि कालवे काटकोनात, चौकोनावर चौकोन, पट्टीने आखल्यासारखे. तळाशी पीट नाही, चिकणमाती आहे, म्हणून ही जमीन फारशी बसत नाही. पिरॅमिडसारख्या छपरांची शेतघरं दिसतील: मधे गवताची गंजी, भोवती गोठा आणि घर, सगळं एकाच छपराखाली. १९९९ मध्ये हा प्रदेश जागतिक वारसा ठरला. गंमत म्हणजे ज्या चक्क्यांनी तो घडवला त्यांतली एकही बेमस्टरमध्ये उरलेली नाही.

त्या बघायला शेजारच्या स्खेर्मरमध्ये जायचं. १६३५ मध्ये कोरडा झालेला हा प्रदेश. मूळच्या ५२ चक्क्यांपैकी ११ शिल्लक आहेत. स्खेर्मरहॉर्नला तीन चक्क्या ओळीने उभ्या आहेत, त्यातल्या एकीत संग्रहालय. इथे सायकल लावून पाण्याकडे बघा. चक्कीच्या खालच्या बाजूचं पाणी, वरच्या बाजूचं पाणी, आणि बांधापलीकडचं. वेगवेगळ्या पातळ्या डोळ्यांनी दिसतात. पायऱ्यांचं गणित पुस्तकात वाचून जे डोक्यात शिरत नाही ते इथे पाच मिनिटांत शिरतं. पुढे आल्कमार नऊ-दहा किलोमीटर, बहुतेक उघड्या माळावरून.

रॉटरडॅमजवळच्या प्रसिद्ध किंडरडाइकचं काय, असं कोणी विचारेलच. तिथे १९ चक्क्या आहेत, १९९७ पासून जागतिक वारसा. जवळजवळ सगळ्या १७३८ ते १७४० या काळातल्या. कालव्याच्या एका बाजूला विटांच्या गोल, दुसऱ्या बाजूला गवताने शाकारलेल्या अष्टकोनी, कारण दोन वेगळ्या पाणी-मंडळांनी, म्हणजे पाण्याची व्यवस्था बघणाऱ्या स्थानिक संस्थांनी, आपापल्या बांधल्या. रॉटरडॅमहून वॉटरबसने सायकलसकट जाता येतं. मधली वाट पायी येणाऱ्यांनी भरलेली असते, त्यामुळे दुपारी सायकल हातात धरूनच चालावं लागतं. देखणं ठिकाण आहे, पण जमिनीच्या पातळ्या समजायला स्खेर्मर सरस.

सायकल, वारा आणि नेहमीच्या चुका

सपाट देश म्हणून गाफील राहू नका. तुम्ही ताशी १५ किलोमीटरने जात आहात आणि समोरून २० चा वारा आहे, तर हवेला तुमचा वेग ३५ वाटतो. अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे शांत हवेच्या जवळजवळ साडेपाच पट. बेमस्टरच्या सरळ रस्त्यावर हा वारा वळण येईपर्यंत तसाच राहतो. म्हणून गोल फेरी असेल तर आधी वाऱ्याविरुद्ध जा आणि दमल्यावर पाठीवर वारा घेऊन परत या.

भाड्याच्या साध्या सायकलला बऱ्याचदा पायडल उलटं दाबून लागणारा ब्रेक असतो. आपल्या सवयीने सिग्नलला पाय टेकून पायडल मागे फिरवायला गेलात तर ते फिरत नाही, चाक अडकतं. थांबतानाच एक पायडल वरच्या बाजूला येईल असं थांबायचं. दुकानाबाहेर दहा मिनिटं सराव करा. मागच्या चाकाच्या कडी-कुलपावर भागवू नका, साखळीने खांबालाही बांधा.

रस्ता शोधायला आकड्यांची पद्धत आहे. दोन वाटा मिळतात तिथे एक क्रमांक, आणि पुढच्या क्रमांकाकडे बाण. १९९५ मध्ये बेल्जियमच्या लिम्बर्गमध्ये ही सुरू झाली, मग इकडे पसरली. सकाळी आकड्यांची यादी कागदावर लिहून हँडलला चिकटवा. आकडे ९९ पर्यंतच असतात आणि दुसऱ्या भागात पुन्हा तेच येतात, त्यामुळे ऑनलाइन यादी करताना गाव तपासून घ्या. मोबाइल हातात धरून सायकल चालवणं जुलै २०१९ पासून दंडनीय आहे. हँडलवर बसवलेला चालतो.

चौकात रस्त्यावर पांढऱ्या त्रिकोणांची रांग दिसली आणि टोकं तुमच्याकडे असतील, तर थांबून समोरच्याला जाऊ द्यायचं. अशी काही खूण नसेल तर उजवीकडून येणाऱ्याचा हक्क आधी. वाहतूक उजव्या बाजूने चालते, त्यामुळे डावीकडे वळताना चूक होते ती पहिल्या तासातच. रेल्वेत सायकल न्यायची तर वेगळं तिकीट लागतं, आणि सोमवार ते शुक्रवार सकाळी ६.३० ते ९ आणि दुपारी ४ ते ६.३० या वेळात सहसा नेता येत नाही.

चक्क्या आतून बघायला मे महिन्याचा दुसरा शनिवार-रविवार उत्तम. राष्ट्रीय चक्की दिवस असतो, शेकडो चक्क्या उघड्या असतात. एरवी बहुतेक चक्क्या हौशी, पण रीतसर परीक्षा दिलेले स्वयंसेवक चालवतात. निळी पताका फडकत असेल तर आत या असा अर्थ. चक्की चालवण्याच्या या कसबाची २०१७ मध्ये युनेस्कोने अमूर्त वारशात नोंद केली.

चक्क्यांनंतर

१९व्या शतकाच्या मध्यात देशात दहा हजारांच्या आसपास चक्क्या होत्या. आज हजाराच्या वर उरल्या आहेत. आधी वाफेने त्यांची जागा घेतली. हार्लेमरमेर हे १८,००० हेक्टरचं तळं लेखवाटरने १६४१ मध्ये १६० चक्क्यांनी उपसायचं सुचवलं होतं. प्रत्यक्षात ते १८४९ ते १८५२ मध्ये तीन वाफेच्या इंजिनांनी उपसलं. त्यातल्या क्रूकियस इंजिनाचा सिलिंडर ३.६६ मीटर व्यासाचा आहे आणि बघायला मिळतो. स्किपोल विमानतळ याच तळ्याच्या तळावर आहे, त्यामुळे विमानाने आलेला प्रवासी उतरतो तोच समुद्रसपाटीखाली.

जुन्या चक्कीभोवती उंच झाडं किंवा इमारती का नसतात? वारा अडू नये म्हणून. साधारण नियम असा की पहिल्या १०० मीटरमध्ये पात्याच्या खालच्या टोकापेक्षा उंच काही नको, पुढे ४०० मीटरपर्यंत अंतराच्या हिशेबाने थोडी थोडी सूट. शहरं वाढत आली तिथे यावरून भांडणं होतात.

पीटच्या भागात जमीन अजून वर्षाला सरासरी सेंटिमीटरभर बसते. आता उपसा विजेच्या पंपांनी होतो, हवामान कसंही असो, त्यामुळे पाणी हवं तेवढं खाली ठेवता येतं. दूध-व्यवसायाला ते सोयीचं, कारण ट्रॅक्टर रुतत नाही. पण पीट तितकं जास्त कुजतं. २०१९ च्या हवामान करारात पीटच्या कुरणांमधून निघणारा कार्बन वायू २०३० पर्यंत वर्षाला दहा लाख टनांनी कमी करायचं ठरलं. त्यासाठी चरातलं पाणी वर आणायचं. काही ठिकाणी गवताऐवजी पाणकणीस लावून बघत आहेत. चक्कीने उतरवलेलं पाणी परत चढवण्याचा हा प्रकार असल्यामुळे शेतकऱ्यांना तो सहज पटत नाही.

याची खूण सायकलवरून बघता येते. पीटवरच्या गावांत जुनी पक्की घरं खांबांवर उभी असतात. खांब खालच्या घट्ट वाळूवर टेकलेले, म्हणून घर जागच्या जागी राहतं आणि भोवतीचं अंगण तेवढं खाली जातं. दारासमोरच्या पायऱ्या मोजा. सगळ्यात खालची पायरी बऱ्याचदा वेगळ्या विटांची आणि वरच्यांपेक्षा नवी असते.